उजवीकडचा लाल दिवा

माझा धाकटा भाऊ ज्या लढाऊ जहाजावर होता ते एका मालवाहू जहाजाला धडकलं, ही बातमी मला रीतसर कुणी कळवली नाही. मी ती चोरून ऐकली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कॉल जोडला की दोन्हीकडचा आवाज ऐकू येतो का एवढं पाहायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम होता. त्या दुपारी मुंबईचा एक बातमीदार आमच्याकडच्या वर्तमानपत्राच्या कचेरीला बातम्या सांगत होता. लाइन खरखरत होती म्हणून मी कानावरचं काढलं नाही. पहाटेची टक्कर, मालवाहू जहाज, काही नाविक जखमी, एक बेपत्ता, एवढं कळलं. लढाऊ जहाजाचं नाव त्याने सांगितलं तेव्हा नेमकी खरखर वाढली. इकडचा माणूस म्हणाला, "हो हो, पुढे सांगा." त्यालाही नाव ऐकू आलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण मध्ये बोलायची मला मुभा नव्हती.

ड्युटी संपायला तीन तास होते. ते मी पुरे केले. मग मुंबईच्या ऑपरेटरला गाठलं. आम्ही दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं. ती मला सोलापूर म्हणायची, मी तिला मुंबई.

"मुंबई, एक खाजगी काम आहे. पकडली गेलीस तर माझ्यावर ढकल."

"बोल गं. माझ्यावर काय नि तुझ्यावर काय, दोघींनाही सुपरवायझर आहेच."

तिला भावाचं नाव आणि जहाजाचं नाव सांगितलं. नौदलाच्या दवाखान्यात विचारून बघते म्हणाली, पण आज जमेल असं नाही.

घरी आले आणि पहिल्यांदा रेडिओचे सेल काढून ठेवले. घरात आई आणि मी, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई मूळची वैरागकडची. तिने समुद्र एकदाही पाहिलेला नव्हता, आणि ज्या गोष्टीवर आपला मुलगा राहतो ती आपण पाहिलेली नाही याचा तिला कायम राग होता. संध्याकाळी तिने रेडिओचं बटण फिरवलं.

"ह्याला काय झालं?"

"सेल गेले असतील."

"काल तर वाजत हुता की." तिने माझ्याकडे पाहिलं. रात्रीची भाकरी तिने अर्धीच खाल्ली. माझ्या तोंडावर काय दिसत होतं ते मला आरशात बघायचं नव्हतं.

दोन दिवस तसे गेले. बोर्डवर मुंबईचा दिवा लागला की बाकीचे सोडून मी आधी तोच प्लग घालायचे. दिवसाला मुंबईचे पन्नास कॉल तरी येत. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बोलली.

"सोलापूर, आहे तुझा भाऊ. डावा हात मोडलाय. बाकी धड आहे."

"कुणी सांगितलं? खात्री काय?"

"वॉर्डातल्या सिस्टरशी बोलले. उंच आहे, सोलापूरचा आहे, आणि प्रत्येक जेवणाला शेंगाची चटणी मागून तिला पिडतोय."

मग खात्री पटली. घरी जाऊन आईला सगळं एका दमात सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "आता दे सेल."

तीन आठवड्यांनी तो घरी आला. हात प्लास्टरमध्ये, महिन्याची आजारपणाची रजा. त्यानंतर मुंबईला चौकशी व्हायची होती आणि ती झाल्यावर त्याला पुन्हा जहाजावर घ्यायचं की नाही ते ठरणार होतं. त्याला परत जायचं होतं. अठराव्या वर्षापासून तो पाण्यावर होता, दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. आईला तो जायला नको होता. ती हे बोलून दाखवायची नाही, पण त्याची लोखंडी पेटी तिने कॉटखाली अगदी भिंतीला लावून ढकलून ठेवली होती.

तो बोलत नव्हता. चाळीतले लोक मात्र बोलत होते. येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता एकच वाक्य म्हणायचा, एवढा मोठा समुद्र, तिथे दोन जहाजं आपटतात म्हणजे कुणीतरी झोपलेलं असणार. समोरच्या खोलीतला, गिरणीत मागांवर देखरेख करणारा जॉबर तर म्हणाला, "आमच्या खात्यात एवढे माग लागून लागून आहेत, कधी एकमेकांवर गेले नाहीत की." भाऊ हसला. नंतर मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

आईनेही शेवटी विचारलंच. "एवडा मोटा समिंदर, आन् दोगांस्नी एकच जागा घावली व्हय?"

"तसंच असतं, आई."

"तसंच म्हंजे कसं?"

तो उठून बाहेर गेला.

मला त्याचं हे गप्प राहणं परवडणारं नव्हतं. चौकशीला वीस दिवस उरले होते आणि तो तिथे काय सांगणार ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी म्हटलं, "मला नीट समजावून सांग. आईला सांगता येणार नाही, मला येईल."

"कागदावर नाही समजायचं. सायकल आहे?"

माझी होती. दुसरी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. सायकली भाड्याने देणारे चाचा साठीचे होते, भावाला लहानपणापासून ओळखणारे.

"क्या रे जहाजवाले, हात टूटा तो सायकल कैसा चलायेगा?"

"मी नाही, अक्का चालवणार. दुसरी चालवायला कुणीतरी पाहिजे."

"मैं आता ना. दुकान में बैठके क्या करना."

आज जिथे जुळे सोलापूर वसलंय तिथे तेव्हा नुसता माळ होता. बाभळी आणि गाडीवाटा. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदत होत्या त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर भावाने मला एका वाटेवर उभं केलं, चाचांना दुसऱ्या वाटेवर, माझ्या उजव्या हाताला. तो स्वतः मध्ये एका धोंड्यावर चढला.

"दोघांनीही एका चालीने चालवायचं. कमी नाही, जास्त नाही. आणि अक्का, समोर तर बघच, पण चाचा तुझ्या हँडलच्या उजव्या मुठीवर दिसतात की नाही ते बघत राहा. मुठीच्या पुढे सरकतात की मागे राहतात, तेवढंच."

आम्ही निघालो. माळ एवढा रिकामा होता की मला हा पोरखेळ वाटत होता. चाचा लांब होते, ठिपक्यासारखे, नेमके मुठीवर. थोड्या वेळाने पाहिलं, मुठीवरच. पुढेही नाही, मागेही नाही. एखादी गोष्ट जागची हलत नसली की ती आपल्याला काही करणार नाही असं मनाला वाटतं. मी निवांत होते. समोर एक खड्डा आला, तो चुकवला, चाल बदलू नये म्हणून पायडलकडे पाहिलं. पुन्हा मुठीकडे पाहिलं तर तिथेच, फक्त आता त्यांची दाढी दिसत होती. मग एकदम चेन वाजलेली ऐकू आली. मी हँडल फिरवलं आणि बाभळीच्या काट्यांच्या फेसाटीत गेले. चाचा मात्र एक बोटभरही न वळता सरळ पुढे निघून गेले आणि मग थांबले.

"अहो चाचा, ब्रेक तरी लावायचा."

"मैं कायकू लगाऊं? मैं सीधा जारा था. तेरा भाई बोल्या ना मेरेकू, सीधाच चलाव. रुकना तो तेरेकू था, बेटी."

भाऊ धोंड्यावरून उतरून आला. माझ्या पदरातले काटे काढता काढता म्हणाला, "हे असं. जे जहाज सरकत राहतं ते चुकतं. जे एकाच जागी दिसतं आणि मोठं होत जातं, ते तुमच्यावर येतं. आणि चाचा बरोबर बोलतात. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, असा समुद्रातला नियम आहे. त्याने आपली दिशा बदलायची नाही, आपण बदलायची. तो नियमानेच येत होता."

"मग तुमच्या जहाजाने दिली का नाही वाट?"

परतताना मी सायकल हातात धरून चालत होते, तेव्हा त्याने ते सांगितलं. मालवाहू जहाज म्हणजे लादलेली बैलगाडी, वळायचं म्हटलं तरी मैलभर आधी ठरवावं लागतं. लढाऊ जहाज चपळ. चपळ असणाऱ्याला वाटतं, ऐनवेळी निसटू. तिकडे मालवाहू जहाजावर पहाटे जागी असतात दोन माणसं, एक अधिकारी आणि एक नाविक, त्यातला एक चहा करायला गेलेला. लढाऊ जहाजाचे दिवे जवळजवळ असतात, त्यामुळे लांबून ते एखाद्या लहान होडीसारखं दिसतं. होडी बाजूला होईल म्हणून ते निर्धास्त. आणि लढाऊ जहाजावर वर, जिथून जहाज चालवतात तिथे, नऊ माणसं. एक सुकाणूला, एक नकाशाला, एक रडारला, जिथे मासेमारीच्या होड्यांनी पडदा नुसता तीळ सांडल्यासारखा झालेला. त्या वेळी जहाज ज्यांच्या हाती होतं त्या साहेबांची नजर पुढच्या लढाऊ जहाजावर. कारण ती जहाजं रांगेने चालतात आणि रांग मोडली की वरून बोलणी बसतात. नऊ जण जागे, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकीचे आठ बघतायत.

"आणि तू?"

"मी उजव्या बाजूला पहाऱ्यावर होतो."

मी चालायची थांबले. चाचा पुढे निघून गेले होते.

"मला दिवा दिसला," तो म्हणाला. "उजवीकडे लाल दिवा. मी सांगितलं. साहेब 'ठीक' म्हणाले."

"ठीकच म्हणाले? उजवीकडे लाल दिवा, असं परत म्हणाले नाहीत?"

"नाही."

मी बोर्डवर बसणारी बाई. आमच्याकडे समोरच्याने आकडे सांगितले की आपण तेच आकडे परत म्हणायचे, आणि आपण सांगितलेले त्याने परत म्हणायचे. नुसता 'हो' चालत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका 'हो'वर विश्वास ठेवला आणि मृत्यूचा निरोप भलत्याच घरी पोचला. त्या घरातली बाई फोनवर रडायला लागली तेव्हा चूक कळली. त्यानंतर मी कुणाचा 'हो' घेतलेला नाही.

"ठीक म्हणजे त्याने ऐकलं असं होत नाही," मी म्हटलं. "मग पुन्हा सांगितलंस?"

तो पुढे चालायला लागला. घरी आल्यावर त्याने पेटी ओढून एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. त्याच्या जहाजावरच्या एका जुन्या नाविकाचं होतं. मजकूर साधा होता. चौकशीत सांग की दिवा दोनदा कळवला. आम्ही पण तसंच सांगू. तू सुटशील, परत जहाजावर येशील.

"कितीदा कळवलास?"

"एकदा."

"आणि टक्कर?"

"चारेक मिनिटांनी."

"त्या चार मिनिटांत दिवा सरकला?"

"नाही, अक्का."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

आई गिरणीत दळण घेऊन गेली होती. बरं झालं. मी विचारलं, मग तोंड का उघडलं नाहीस. त्याने सांगितलं ते असं. महिनाभर आधी त्याने एका मासेमारीच्या होडीचा दिवा तीनदा कळवला होता. तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, एकदा सांगितलं ना, पोपट आहेस का? तेव्हापासून जेवणाच्या वेळी सगळे त्याला मिरची दाखवायचे. त्याने ठरवून टाकलं, एकदाच सांगायचं. एकदा सांगितलं की आपलं काम संपलं.

"आणि बेपत्ता होता तो?"

"माझ्या शेजारच्या बंकवरचा. केरळचा. उजव्या बाजूला खाली झोपला होता." मग म्हणाला, "तो मिरची दाखवायचा नाही."

मी खोटेपणाचा बाऊ करणारी बाई नाही. ते पत्र वाचून मला पहिल्यांदा वाटलं की सल्ला बरा आहे. गेलेला माणूस परत येणार नाही, याची नोकरी तरी राहील. तर मी म्हटलं, "चल, तयारी करू. मी चौकशीवाले साहेब. दिवा पहिल्यांदा कळवला तेव्हा काय म्हणालास?"

"उजवीकडे लाल दिवा."

"साहेब काय म्हणाले?"

"ठीक."

"दुसऱ्यांदा कधी?"

"दोन मिनिटांनी."

"शब्द काय होते?"

"उजवीकडे लाल दिवा, जागचा हललेला नाही."

"साहेब काय म्हणाले?"

तो थांबला. "ठीक."

"तोंडाने म्हणाले की मान हलवली?"

"मान हलवली."

"अंधारात दिसली?"

"मग तोंडाने म्हणाले."

"शेजारी कोण होतं? त्याने ऐकलं? त्याला विचारलं तर तो मान म्हणेल की तोंड म्हणेल?"

"अक्का, तू त्यांच्यापेक्षा वाईट आहेस."

"ते माझ्यापेक्षा वाईट असतील. पुन्हा सांग."

आम्ही तीन दिवस हे करत होतो, आई बाहेर गेली की. पहिलं उत्तर दर वेळी तेच यायचं, शब्द न् शब्द. दुसरं दर वेळी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर घाम होता आणि मी भाजी चिरताना बोट कापून घेतलं. मी म्हटलं, "हे टिकणार नाही. खरं सांग. एकदा सांगितलं, आणि पुन्हा का नाही सांगितलं तेही सांग. पोपटासकट."

"मग मला परत घेणार नाहीत."

"कदाचित."

"तू तुझ्या सुपरवायझर बाईंना एक गोष्ट दोनदा सांगतेस?"

"सांगते."

"त्या काय म्हणतात?"

"उद्धट म्हणतात."

"तुला उद्धट म्हणतात. मला शिक्षा देतात."

आई दळणाचा डबा घेऊन आली, आम्हा दोघांची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "काय खलबतं चालल्याती तुमची? मला सांगू नगा, पर भाकरी तरी खावा."

तो ठरल्या दिवशी गेला. काय सांगणार ते मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर तो माझ्या बाजूचं उत्तर देऊन मोकळा झाला असता. आईने पेटी स्वतः बाहेर ओढून दिली.

चौकशी किती दिवस चालेल याची कल्पना नव्हती. मी जादा ड्युट्या मागून घेतल्या. घरी बसलं की आई माझ्याकडे बघायची, बोर्डवर निदान कुणी बघत नव्हतं. एका दुपारी मुंबईचा आवाज आला.

"सोलापूर, तुझा माणूस आहे लाइनवर. तीन मिनिटं. माझी बाई जेवायला गेलीय."

"बोल," मी म्हटलं.

"एकदाच म्हणालो, असं सांगितलं."

"मग?"

"मग विचारलं, पुन्हा का नाही. सांगितलं."

"पोपट?"

"पोपट पण. लिहून घेतलं त्यांनी. कुणी हसलं नाही. बाकीच्यांनी दोनदा म्हणून सांगितलं होतं, ते आता माझ्याकडे बघत नाहीत."

"आणि साहेब?"

"साहेब म्हणाले, नाविकाने कळवल्याचं मला आठवत नाही. ते खोटं बोलत नव्हते, अक्का. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांना खरंच आठवत नाही."

मग तीन मिनिटं संपली.

निकाल पावसाळा संपल्यावर पत्राने कळला. दोष दोन्ही जहाजांचा धरला होता, आमच्याकडचा जास्त. साहेबांना जहाजावरून काढलं. भावाची नोकरी राहिली, बढती गेली आणि त्याला किनाऱ्यावरच्या कोठारात नेमलं. दोरखंड, रंगाचे डबे, कंदिलाच्या काचा. पुन्हा जहाजावर पाठवायचं नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी पत्र आईला वाचून दाखवलं. तिने दोन वेळा विचारून खात्री केली की कोठार जमिनीवर आहे. मग शेजारच्या तेलुगू बाईंकडे वाटीभर साखर नेऊन दिली. का ते सांगितलं नाही.

दिवाळीत तो आला. हात बरा झाला होता, पण मनगट थोडं वाकडं राहिलं होतं. पहिल्या दिवशी बरा बोलला. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. मी भाकरी वाढली. त्याने ती मोडली आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "दोनदा म्हटलं असतं तर मी आज पाण्यावर असतो. ज्यांनी तसं सांगितलं ते सगळे आहेत."

"असतास," मी म्हटलं. "कदाचित टिकलंही असतं. मला वाटलं टिकणार नाही."

"तेवढ्यासाठीच खरं बोलायला लावलंस?"

मला हो म्हणता आलं असतं. ते अर्धं खरं होतं. तो तीन दिवस घामाघूम होऊन उत्तरं देत होता तेव्हा मी जरा सोपे प्रश्न विचारले असते तर त्याचं दुसरं उत्तर बसलं असतं. मी सोपे विचारले नाहीत. रेडिओचे सेल काढून बसलेले ते दोन दिवस मला पुन्हा नको होते.

"नाही," मी म्हटलं. "तू परत जाऊ नयेस असंही वाटत होतं. दोन्ही होतं. किती कुठलं ते मला सांगता येत नाही."

त्याने भाकरी संपवली, ताट मोरीत ठेवलं आणि बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आईला वाटलं, फराळावरून भांडलो.

जाताना स्टेशनवर सोडायला मीच गेले, आईच्याने जिने चढवत नव्हते. गाडीला वेळ होता. त्याने बाकावर पेटी ठेवली आणि मला बसायला जागा केली.

"कोठाराच्या खिडकीतून जहाजं दिसतात," तो म्हणाला. "ये एकदा. नवी कुठली, जुनी कुठली, दाखवीन."

"रजा बघते," मी म्हटलं.

त्या वर्षी रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी मिळाली, तेव्हाही मी गेले नाही.